उलट्यांची वही

…आणि वर डॉक्टर मलाच म्हणतात, "अभिनंदन, सगळं नॉर्मल आहे." आता तुम्हीच सांगा, चार वर्षांची पोर सकाळी सहाला उठून दुपारपर्यंत अकरा वेळा उलटी करते, पोटात काही उरलं नाही की नुसतं आंबट पाणी काढते, सलाईन लावावं लागतं, तिसऱ्या दिवशी टुणकन उठून "मम्मी, पोहे" म्हणते, आणि महिना-सव्वा महिन्यानं पुन्हा तेच, असं पाच वेळा झालं, तर यातलं नॉर्मल ते नेमकं कोणतं? रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. सोनोग्राफीवाले तर कौतुकानं म्हणाले, "लिव्हर एकदम सुंदर आहे हं." मी थँक्यू म्हणाले. सवयीनं. जसं काही लिव्हर मीच विणून दिलं होतं.

बरं, कारण सापडत नाही म्हटल्यावर काय होतं? प्रत्येकाकडे एकेक कारण निघतं. पडेगावात आमच्या गल्लीत जेवढी दारं तेवढे पोटाचे डॉक्टर. शेजारच्या गुलशन आपा म्हणाल्या, "मेघा, बच्ची का दूध बंद कर, बस." केलं बंद. पिशोरहून आईचा फोन, अंडं बाधत असेल. अंडं बंद. सासूबाई म्हणाल्या केळं लई थंड असतं. केळं बंद. आणि मी, बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, मी मोबाइलवर वाचून गहू बंद केला. श्रेयाच्या ताटात उरलं काय, तर वरण-भात आणि समोर माझा चेहरा. माझा नवरा अतुल चिकलठाण्याला कंपनीत क्वालिटी बघतो. तो म्हणाला, "एका वेळी एकच बदल करायचा असतो, नाहीतर दोष सापडत नाही." पोरगी आहे का गिअर? पण मला ते पटलं, हे त्याहून वाईट. मी वही केली.

दोनशे पानी. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, किती उलट्या, कसला रंग. आणि उजवीकडे रेघ चुकल्यामुळं थोडी जागा उरली, तिथं 'इतर' म्हणून एक बारीक रकाना. तर लिहिता लिहिता एक लक्षात आलं, की प्रत्येक ओळीत आरोपी मीच. वरण कुणी शिजवलं? मी. पाणी कुणी उकळलं? मी. त्या मंगळवारी उकळलं होतं ना? का नुसतं कोमट केलं होतं? नऊ महिने पोटात कुणी ठेवलं? तेही मीच… बाकी सगळं नॉर्मल.

आता आमचे सासरे. त्यांना सगळे पप्पा म्हणतो. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले, आणि दर रविवारी विहारात लहान पोरांना अंधश्रद्धेवर सांगतात. घरात दृष्ट नाही, उतारा नाही, दाराला लिंबू नाही. "हे समदं आपण छप्पन साली सोडलं," म्हणजे सोडलं. गुलशन आपांनी एकदा 'नजर' म्हटलं, तर चहा पाजून अर्धा तास त्यांनाच समजावून सांगितलं. बिचाऱ्या चहा पिऊन, मान डोलवून, जाताना मला डोळ्यानंच 'उतारके डाल' अशी खूण करून गेल्या.

तर तुम्हाला सांगते, आमची महिन्याची सुकी मिरची आठ दिवसांत संपली. भाजी तर पोरीपायी बिनतिखटाची, मग मिरची गेली कुठं? सासूबाईंना विचारलं. त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, उंदीर असतील. मिरची खाणारा उंदीर! मी पुढं काही बोलले नाही, कारण त्यातल्या सात मिरच्या मीच नेल्या होत्या. हो, मीच. केमिस्ट्रीवाली. लेकीवरून उतरवल्या, गच्चीवर नेऊन जाळल्या, आणि ठसका आला नाही. ठसका आला नाही की दृष्ट होती म्हणतात. गच्चीवर वारा होता, म्हणून नाही आला, हे मला कळतं हो. तरी दुसऱ्या दिवसापासून मी मिठावर आले.

आणि मग एका सकाळी, श्रेया अजून झोपलेली, मी मुठीत मीठ घेऊन हळूच खोलीत गेले, तर तिच्या उशाशी पप्पा उभे. मूठ झाकलेली. बोटांतून मीठ गळतंय.

"मुंग्या झाल्यात इथं," पप्पा म्हणाले.

मी म्हणाले, "हो ना. मी पण त्यासाठीच आणलं."

मग आम्ही दोघांनी मिळून कोपऱ्यात मीठ टाकलं. मुंगी एक नव्हती. दारापाशी जाऊन ते थांबले.

"काहीतरी करावं वाटतं गं. नुसतं बघत बसवत नाय." आणि मग अगदी हळू, "वहीत नको लिहू."

मी लिहिलं. काय करू, वही म्हणजे वही. 'इतर: सकाळी ७.१०, आजोबांकडून मीठ.' आणि ती वही गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गेली, समोर मी, अतुल, सासूबाई, पप्पा, सगळे रांगेत, जसे काही निकालाला बसलोय. बाईंनी खाण्याचे रकाने, माझी चार महिन्यांची तपश्चर्या, भराभर उलटले आणि 'इतर' मोठ्यानं वाचायला लागल्या. वाढदिवस, दुसऱ्या दिवशी उलट्या. पिशोरला जायचं म्हणून दोन दिवस उड्या, मग उलट्या. बालवाडीचं गॅदरिंग, ससा झाली होती, उलट्या. मिठाच्या ओळीवर क्षणभर थांबल्या. पप्पांनी छताचा पंखा बघितला.

"हिला खाणं नाही बाधत," बाई म्हणाल्या, "बहुतेक आनंद बाधतोय."

हा आजार म्हणे मायग्रेनचाच भाऊबंद असतो, लहान मुलांत डोक्याऐवजी पोटात. छातीठोक सांगता येत नाही, पण पुष्कळ मुलं मोठी होताना यातून सुटतात. घरात कुणाचं डोकं दुखतं का, असं विचारल्यावर चारही माना माझ्याकडं वळल्या, म्हणजे तीन, चौथी माझीच, ती खाली गेली. महिन्यातून दोनदा ओढणी बांधून मीच पडते ना. म्हणजे शेवटी आरोपी सापडला. बाई म्हणाल्या, "अहो, ही चूक नाही. नाक नाही का आलं तिला तुमचं? तसंच." तिथं मी रडले. पाच महिन्यांत पहिल्यांदा, ते पण नाकावरून.

दूध, अंडं, केळं, पोळी सगळं सुरू करा म्हणाल्या. उलटी सुरू झाली की ओआरएस चमच्या-चमच्यानं; हिरवी उलटी झाली किंवा लघवी थांबली तर लगेच घेऊन या. झोप पुरी, उपाशी ठेवायचं नाही, आणि कुठं जायचं असलं तर चार दिवस आधीपासून तिला चढवत बसू नका. एवढंच. बाकी सगळं नॉर्मल.

एवढंच म्हणाल्या हो त्या. पण आमचं घर! आमच्या घरात आता आनंदाला बंदी. प्राणी बघायला न्यायचं असलं तर 'चल, दळण टाकून येऊ' म्हणून न्यायचं. मामाचं लग्न ठरलं, ते अतुलनं असं सांगितलं की मला वाटलं मोडलं. सासूबाई खीर करतात आणि ताटात वाढताना औषध वाढल्यासारख्या वाढतात.

आज बावन्न दिवस झाले. एक उलटी नाही. बावन्न! एवढा खंड कधीच पडला नव्हता. वही उघडून चौघांनी आळीपाळीनं मोजलं, पप्पांनी दोनदा. कुणी हसलं नाही, कुणी टाळी दिली नाही. खाली माना घालून, तोंडं पाडून, गुपचूप जेवायला बसलो. श्रेयानं सगळ्यांकडं एकेक करून बघितलं आणि मला विचारलं, "मम्मी, कोणी वारलं का?"

म्हटलं, "नाही गं बाळा. आपण खूश आहोत. जेव."