बंद पिशवी

(बावड्याच्या बाजारपेठेतलं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान. मशीनवर मेहबूबबी. समोरच्या स्टुलावर तिचा नवरा इमाम, गावच्या हायस्कुलात गणित शिकवणारा. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिलेत.)

मेहबूबबी: तोंड का असं करून बसलाय? तिकडं चौकात फ्लेक्सवर तर चांगलं हसताय.

इमाम: फ्लेक्सवर हसायलाच लावत्यात. फोटोवाला म्हनला, सर, जरा दात दिसू द्या.

मेहबूबबी: मग झालं काय? इतकी वर्षं माझं डोकं खाल्लं. आठवी-नववीत रान नांगरून मी देतो, आन् दहावीत पीक त्यो दिग्विजय काढून नेतो. मिळाली की दहावी. पिंपळीच्या छकुलीला शंभरात शंभर पडलं. पेढं आलं, हार आला. आता कुनाच्या नावानं खडं फोडताय?

इमाम: दहावीत शिकवायचं काय असतं गं? सराव पत्रिका. सोडवा, तपासा, परत सोडवा. 'असं का हुतं' म्हनून एक पोरगं विचारत न्हाय. 'सर, ह्याला मार्क किती', एवढंच.

मेहबूबबी: ह्ये आधी ठावं नव्हतं व्हय?

इमाम: लांबनं बघताना न्हाय कळत.

मेहबूबबी: ती कात्री द्या हिकडं. आन् खरं काय त्ये बोला. मुन्ना काल बोलून गेला, त्ये दुखतंय तुमच्या पोटात.

इमाम: काय बोलून गेला?

मेहबूबबी: जसं काय ऐकलंच न्हाय. शेजारचा मुन्ना, आता नववीत गेला. प्यांट वाढवायला आला हुता. म्हनला, चाची, दिग्विजय सरांचा तराजू लय भारी.

इमाम: दिग्विजय सरांचा. ऐकलंस? तुझ्या अब्बांच्या दुकानातला त्यो तराजू. एका पारड्यात बांधलेली पिशवी आन् चार सुट्ट्या गोट्या, दुसऱ्या पारड्यात नुसत्या गोट्या. पिशवीत किती त्ये वळखायचं. दोनीकडनं सारख्या काढत जायच्या, पिशवी एकटी राहिली की उत्तर समोर. पिशवीचं नाव 'क्ष'. उभी नोकरी मी ह्येच करून आठवीची पोरं घडवली. गेल्या साली आठवी त्याला गेली म्हनून मीच त्याच्या गाडीवर तराजू बांधून दिला, आन् आता त्यो त्याचा झाला.

मेहबूबबी: आधी दहावीसाठी जळला, आता आठवीसाठी जळताय.

इमाम: जळतोय. पोरगं पयल्यांदा 'क्ष' बघतं तवा त्याचं तोंड कसं हुतं, तू बघितलंयस का? आधी भ्यालेलं असतं. मग मधीच कुठंतरी गालात हसतं. त्ये हसू वर्षभर त्यानं बघितलं आन् मी वर्गसमीकरणं घोटीत बसलो. पन आता बास. हेडसरांनी नियमच काढलाय. आठवीला जो मास्तर, त्योच त्या पोरांना दहावीपतोर न्हेनार. दहावी सुटली की त्यो परत खाली आठवीत. दिग्विजय त्याची पोरं घेऊन नववीत, मोना मॅडम त्यांची घेऊन दहावीत. माझी दहावी सुटली. म्हंजी नवी आठवी माझी.

मेहबूबबी: नाव घेतलं आन् आला बघा दिग्विजय. गाडीवर काय बांधलंय?

इमाम: तराजू. आनून द्यावाच लागनार त्याला. येऊ दे.

दिग्विजय: नमस्कार सर. चाची, काम जोरात आहे.

इमाम: या, तराजूवाले सर.

दिग्विजय: सर, ते मुलं म्हणतात. मी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, हा इमाम सरांचा आहे, मी आठवीत असताना मलाही ह्याच्यावरच शिकवलं.

मेहबूबबी: बस बाबा. पानी पी आधी.

इमाम: तितं कपाटावर ठेव. शाळा उघडली की मीच न्हेतो.

दिग्विजय: ठेवायला नाही आणला सर. विचारायला आलोय. आप्पासाहेब सरांनी पाठवलं. हेडमास्तर असून त्यांना स्वतः सांगवेना.

इमाम: काय सांगवेना?

दिग्विजय: आज वर्गवाटप झालं. आठवी मोना मॅडमना दिली. त्यांची दहावी तुम्हाला.

इमाम: आन् नियम?

दिग्विजय: नियमामुळंच. आठवी घेणाऱ्यानं तीन वर्षं न्यायची. तुम्ही येत्या मेमध्ये रिटायर होताय. मग नववीत त्या मुलांना पुन्हा नवा शिक्षक.

मेहबूबबी: आवं, नियम तर तुमीच मघाशी सांगत हुता.

इमाम: बघ की. दहावी मागत हुतो तवा आठवी दिली. आता आठवी पायजे तर दहावी गळ्यात.

दिग्विजय: मॅडमना तराजू हवाय. तुमची वस्तू आहे, म्हणून म्हटलं विचारूनच न्यावा.

इमाम: न्हाय मिळनार. बारामतीत डिजिटल काटा मिळतो, त्यो घ्या म्हनावं.

दिग्विजय: काट्यावर आकडाच दिसतो सर. मग मुलांनी शोधायचं काय?

मेहबूबबी: आन् तराजू माझ्या अब्बांचा. द्यायचा का न्हाय, त्ये मला कुनी विचारलं?

इमाम: दे मग तूच. मला न्हाय बघवत. भिंतीच्या अल्याड मी सराव पत्रिका वाटनार आन् पल्याड आठवीची पोरं हसनार. गेलं वर्षभर ऐकलं. उकाड्यात खिडकी लावून घ्यायचो मी.

दिग्विजय: मला वाटायचं तुम्हाला धुळीचा त्रास आहे.

इमाम: तुझा त्रास हुता.

दिग्विजय: नंतर वाटलं, आवाजाचा असेल. म्हणून मी पोरांना हळू हसायला सांगत होतो.

मेहबूबबी: ऐका. पोरांचं हसूबी तुमच्यापायी बारीक केलं त्यानं.

दिग्विजय: आणि सर, तुमच्यासारखं मला जमलंही नाही. मुन्ना सारखा विचारायचा, सर, खरंच आत तेवढ्याच हायत का? शेवटी मी पिशवी सोडून दाखवली.

इमाम: उघडलीस?

दिग्विजय: मोजूनच दाखवल्या. बरोबर होत्या.

इमाम: बरोबर असनारच की. अरे, तुझ्या वर्गात तरी मी कवा उघडली हुती का?

दिग्विजय: नाही. वर्षभर माझा जीव अडकून राहिला होता त्या पिशवीत.

इमाम: म्हनूनच तू गणिताचा मास्तर झालास. आता नववीत तुझ्या पोरांपुढं दोन पिशव्या येतील, दहावीत त्याच 'क्ष'चा वर्ग हुईल. तितं कोन सोडून दाखवनार? आपलं उत्तर आपल्याला पटायला पायजे, ह्ये आठवीतच बसतं. न्हाय बसलं तर पोरगं दहावीपतोर मास्तराच्या हाताकडं बघत राहतं.

दिग्विजय: मोना मॅडमनी आजच विचारलं मला, पिशवी कुठल्या तासाला उघडायची.

इमाम: आन् तू काय सांगितलंस?

दिग्विजय: पहिल्याच.

इमाम: कुठनं हे येड लागलं तुला? पयला तास मी घेतो. मॅडमनी मागं बसून बघावं. एकच तास. मग तराजू त्यांचा, शाळेत कुनी कायबी नाव देऊ दे.

दिग्विजय: त्याच तासाला तुमची दहावी असेल.

इमाम: तू बस दहावीवर. पत्रिका वाटायची तुला सवय हाय.

दिग्विजय: बसतो. पण चाची, पिशवी उसवलीय. सारखी सोडून सोडून.

मेहबूबबी: टाक हिकडं. नवीच शिवते.

इमाम: जाड कापडाची शिव. वरनं गोट्या चाचपता येता कामा न्हाय.

मेहबूबबी: दरसाली कोन शिवतं? मला सांगताय व्हय. दिग्विजय, त्यो तराजू सोड गाडीवरनं आन् ह्या टेबलावर मांड.

इमाम: आता हितं कशाला?

मेहबूबबी: इतक्या पिशव्या शिवून दिल्या, आत किती घालता त्ये मला कवा वळखायला लावलं न्हाय तुमी. तिकडं तोंड करून भरा. मला सांगू नका.

इमाम: आन् मग म्हनशील, उघडून दाखवा.

मेहबूबबी: न्हाय म्हननार. तुमी फकस्त माझ्या तोंडाकडं बघत बसा.