दहापैकी चार

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं चिमे, तू होय! मोठ्याने बोल जरा. मागे कसली घरघर चाललीय?… छापखान्यात? अजून?… अगं, साडेपाचला शोकसभा, आणि पत्रक छापायचंच आहे? आईच्या वळणावर गेलीस हो. तीसुद्धा सगळं शेवटच्या घटकेला करायची. मेली तेवढी वेळेआधी.

…रडतेस काय? बरं, नाही बोलत. विचार, मावशीला काय विचारायचंय ते. सावकाश. एका वेळी एकच प्रश्न.

…हो, बोलणार आहे ना मी. शाळेचा हॉल मीच मिळवून दिला, मग बोलायला नको? माझे जुने विद्यार्थी येणारेत. पहिल्या तीन रांगा त्यांच्याच… काय बोलणार? लिहून काढलंय सगळं. पोस्टाच्या खिडकीपासून सुरुवात. तुझी आई पाकिटांवर शिक्के मारायची ना, ते तालात. ठक ठक, ठकाठक ठक. आणि वर गाणं. तेही स्वतःचंच, कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलेलं. रांगेतल्या माणसांचं काम झालं तरी हलायची नाहीत. साहेबाने दोनदा मेमो दिला. तिसरा द्यायला आला, तो स्वतःच रांगेत उभा राहिला… हसलीस ना? लोकही हसतील.

…शेवटचे दिवस? तेही सांगेन. तू नव्हतीस, मग कुणीतरी सांगायला हवंच… टोमणा नाही गं, हजेरी आहे ही. एकवीस दिवस इस्पितळात होती, एकवीस दिवस डबा माझा. तू दोन वर्षं रुसून बसलीस, आणि उगवलीस ती तिला पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी… सुट्टी मिळाली नाही, हो, हो, ऐकलंय मी. फोनलासुद्धा सुट्टी लागते का गं?

…गायची ना. नाकात नळ्या, तरी गायची. दुपारची, अगदी बारीक आवाजात. समोरच्या खाटेवरची म्हातारी, स्वतःची सून भेटायला आली तरी तिला गप्प बसवायची, आधी हिचं ऐकू दे म्हणून. मी पाय चेपत बसायचे आणि ही आपली, दार उघडं ठेव गं…

…काय?… काही नाही… मी कुठे गुणगुणले?… अगं ते होय! नर्सला म्हणायची ती. वॉर्डाचं दार. उकडायचं ना फार.

…अगं ऐक ना, ते राहू दे. पत्रकावर गाणं घालतेयस ना तिचं, शेवटचं? मग वाच, मी तपासते. कडवी राहू देत, धृपद तेवढं वाच… 'दार बंद कर गं, मी परत येणार नाही.' बरोबर… नाही, पुढे काही नाही. एवढंच.

…हो, तुझ्यासाठीच लिहिलंय. दुसऱ्या कुणाला 'गं' म्हणणार ती?… तसंच म्हणायचं होतं का? आता मी काय सांगू, ती गेली. पण शब्द तर स्पष्ट आहेत. तू दोन वर्षं तिच्या तोंडावर दार लावलंस, तिने जाताजाता कडी घातली. फिटंफाट झाली म्हण.

…लागलं?… लागणारच. जन्मभर लागेल. ती लिहायचीच तशी.

…लाल शाई? कसली लाल शाई?… तो कागद तुझ्याकडे आहे?… तिच्या उशीच्या अभ्र्यात? मला वाटलं, सगळे मीच गोळा केले… हो, शाई माझीच. सदतीस वर्षं वह्या तपासल्या, हात राहतो होय? किराण्याची यादीसुद्धा तपासते मी. आणि तुझी आई चौथीत असल्यापासून लिहिलेलं आधी मला दाखवायची. मी मार्क द्यायचे. सात मिळाले तर वेडी फ्रॉकचा घेर धरून गोल फिरायची. खेळच होता तो आमचा.

…सहावा? वर 'सहावे लेखन' लिहिलंय?… हो, सहा वेळा लिहिलं तिने ते. सातव्यांदा जमलं नाही… अक्षर ओळखू येत नाही? हात थरथरत होता गं. पाचव्याला तर पेन दोनदा पडलं. तरी मी धरून दिलं… मग 'पुन्हा लिही' कुणी लिहिलं, काय विचारतेस? समासात नाव आहे का माझं?

…पहिला कागद माझ्याकडे नाही… नाही म्हटलं ना. कितीदा विचारशील?

…चाल? चाल कुठून आली आता?… फोनवर पाठवली होती तिने? तुला?… नुसती गुणगुण, शब्द नाहीत… आणि तू इतके दिवस उघडूनसुद्धा पाहिली नाहीस! बघ म्हणजे… बरं, म्हण. छापखान्यात का होईना, म्हण. ऐकतेय… हं… हं… थांबलीस का?… बसत नाही?… दोन मात्रा कमी पडतायत? 'बंद'वर ताण जरा… ताणलं तरी नाही? मग चाल बदल… आईची चाल बदलायची नाही म्हणे! चिमे, गळा नाही तुझ्याकडे तिचा, उगाच कशाला…

…काय करतेस?… ते नको. ते नर्सला होतं, सांगितलं ना… चिमे, नको म्हणूस ते.

…

…हो. आलं ऐकू.

…हो, बसलं.

…अगं ऐक ना. चूक होती ती. आपण परत येणार नाही, मग दार उघडं कशाला? पाचवीचं पोरसुद्धा विचारेल. मी फक्त समासात लिहिलं, 'विसंगत'. दहापैकी चार. बदललं तिने… ऐकायची ती माझं. नेहमीच ऐकायची.

…होती. दुसरी ओळ होती. दार बंद झाल्यावर ती कशी राहील? गाळायला लावली… आठवते ना. 'माझ्याऐवजी वारा येईल, त्याला नाही म्हणू नको.'

…रडू नकोस… चिमे, तिथे माणसं असतील, रडू नकोस.

…का म्हणजे? चांगली होती म्हणून! वाचल्याबरोबर कळलं मला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा दहापैकी दहा, आणि ते कुणासाठी? तुझ्यासाठी! जी फिरकली नाही तिच्यासाठी! मी भांडं उचलत होते तिचं, चिमे. मी केस विंचरत होते. पाच वह्या भरून कविता तिच्या, शिक्क्यावर आहे, मांजरावर आहे, त्या मेमोवाल्या साहेबावरसुद्धा आहे. माझ्यावर एक ओळ नाही. एक नाही गं.

…हो, आहे. पहिला कागद आहे माझ्याकडे, कपाटात. संध्याकाळी घेऊन येते, झालं?… आता नको? नको कसा?

…दोन्ही गाणार? आधी तिचं, मग… माझं कसं? तिच्याच हातचं आहे ते!… लाल शाईसकट पडद्यावर दाखवणार?… सहावं लेखन, ते अक्षर… सगळ्यांना?… आणि मार्क?… लोकांना विचारणार, बाईंना किती द्यायचे?… चिमे, समोर माझी मुलं बसणारेत. पन्नाशीला आली तरी मुलंच ती, त्यांच्या वह्यांवर मी… अगं ऐक ना. त्या छापणाऱ्याला फोन दे, मी बोलते त्याच्याशी… दे म्हणते ना!

…मग मी येणारच नाही. कळलं? मी पाऊल टाकणार नाही सभेत…

…काय म्हणालीस?… माझ्यासाठी काय उघडं ठेवणार?… चिमे? हॅलो?… हॅलो?