जिन्याचा जुना कठडा

छे छे, साहेब, एवढं मात्र बोलू नका. जिना बघा, टॉर्च मारा, हवे तेवढे फोटो काढा – पण ‘आताच्या सुतारांच्या हातात ही कला राहिली नाही’ हे काय बोलणं झालं? सुताराच्या घरात, सुताराच्या बायकोसमोर? हे बाहेर गेलेत म्हणून बरं. बसा, चहा घ्या. कठडा इमारतीइतकाच जुना म्हणालात ना? मूळचाच, याला कुणी हात लावायचा नाही? हो तर, जुनाच. जिथे हात पडतो तिथेच कसा नेमका झिजलाय – पिढ्यान्‌पिढ्या माणसं चढली-उतरली की असं होतंच. की काचेच्या तुकड्यानं तासलं तरी होतं? नाही, आपलं सहज विचारते.

कायदा चांगला आहे हो, मी कुठे नाही म्हणते? जुनं जपायलाच हवं. पण गेल्या वर्षी तुमच्याआधीच्या साहेबांनी कळवलं – इमारत संरक्षित आहे, जिन्याला एक खिळा ठोकायचा नाही. आम्ही काय लिफ्ट मागितली होती? सासूबाईंना धरायला कठडा, बस. गुडघे गेलेत त्यांचे. या जिन्यावरून पडल्या आणि तेव्हापासून वरच अडकल्या – खिडकीतून खालच्या भाजीवाल्याशी भांडायचं, तेवढाच विरंगुळा. सासूबाई काही या जिन्यापेक्षा फार नव्या नाहीत, साहेब, त्यांना कोण जपणार?

काय? तेव्हा कठडा नव्हता, असं मी म्हटलं? मी? म्हणजे – होता, पण – कप सांभाळा, सांडेल.

जाऊ दे. तुम्हीच माझं डोकं फिरवलंत. कोण कुठला कधीच गेलेला सुतार, त्याला शाबासकी, आणि माझ्या नवऱ्यानं रात्रंदिवस खपून केलं त्याचं नाव नाही? मोडीतल्या बाकांचं लाकूड आहे ते. चहाच्या पाण्यानं रंगवलंय – हा नाही हो, हा प्यायचाच आहे – वर सायकलची चेन आपटून आपटून ओरखडे पाडलेत. सासूबाई तेल लावून तासन्‌तास हात फिरवत बसायच्या, झीज खरी वाटावी म्हणून. आणि खिळा ठोकू नका म्हणालात, तर एक खिळा सापडला तर सांगा – सगळं खाचाखुंट्यांवर बसवलंय. नियम पाळणारी माणसं आहोत आम्ही.

काढायला लावणार? बरं. लावा. तुमचंही काम आहे ते. निघालात? जपून हो, ती वरची पायरी पार गुळगुळीत झालीय, ती मात्र खरी जुनी आहे – अहो, अहो, धरा –

धरलात ना? असू दे, सोडू नका. तसेच धरून उतरा. खाली भाजीवाल्याशी समोरासमोर भांडतायत त्या आमच्या सासूबाई – काढायचं काय ते त्यांनाच सांगा.