हलकी पुली

(दारव्हा. गॅरेजात लाल स्पोर्ट्स कार जॅकवर. मालकीण निकिता, मिस्त्री पूनमसिंग.)

पूनमसिंग : एवढीशी चकती? पुली हाय का बांगडी?

निकिता : ऑनलाईन मागवली. हलकी हाय. बसवा, काका.

पूनमसिंग : भेटन काय हिच्यानं? पट्टा हळू फिरन. डायनामो हळू, पान्याचा पंप हळू, एसी हळू. इंजिनवरचा भार कमी होऊन चार-पाच घोड्यांची ताकद सुटन, थे बी कागदावर. तेवढ्यासाठी चांगल्या गाडीचे हाल करतं का वं?

निकिता : नागपूरच्या रेसले पाह्यजे.

पूनमसिंग : मंग टायर घे. अन् राजूरले कोळशाच्या ट्रकामागं उन्हात अर्धा घंटा अडकली, तं हिचं पानी उकळन.

निकिता : क्रँक बी तुटते म्हनतात.

पूनमसिंग : तुटते. कंपनीच्या पुलीत रबर असते. इंजिनचा थरकाप थे रबर पिते. हिच्यात रबरच नाई. क्रँक, इंजिनचा कनाच थो, आतल्या आत चिरत जाते, बाहेरून काई दिसत नाई.

निकिता : किती दिवसात?

पूनमसिंग : काय किती दिवसात?

निकिता : तुटाले.

पूनमसिंग : तीस वर्षं झाले मले. पोट्टे येतात, विचारतात, काका, पळन किती? तुटन कधी, हे आज पह्यल्यांदा आइकलं. रेसबिस काई नाई. खरं सांग.

निकिता : बाबानं गाडी देऊन टाकली. नवरदेवाले.

पूनमसिंग : कधी?

निकिता : लग्नाच्या बैठकीत. त्याचा मामा म्हने, आम्हाले काहीच नको, पोरीची लाल गाडी तेवढी येऊ द्या. सारे हासले. बाबा बी हासला. मी चहा देऊन राह्यलती.

पूनमसिंग : तुह्या बाबाच्या बापाची हाय का गाडी? पुण्यात नोकरी करून भंगारातून तू आनली. चार वर्षं सुट्टीत घरी आली का माह्यासंग हिच्याखाली लोळली. काई बोलली नाई?

निकिता : बोलली. आई म्हने, गाडी काय अन् तू काय, एकाच घरी तं जाऊन राह्यल्या.

पूनमसिंग : हुंडा खाते साले अन् हौस म्हनते! मी येऊन बोलू का?

निकिता : तुमाले ओट्यावर बसवतीन काका. तांड्यावरचा मिस्त्री म्हनतीन. आत बी घेनार नाई.

पूनमसिंग : थे मले माहीत हाय. मंग लग्नालेच नाई म्हन.

निकिता : पत्रिका वाटून झाल्या. तीनदा नाई म्हटलं, कोनी आइकलं नाई. आता चाबी त्याले भेटो, इंजिन भेटाले नाई पाह्यजे. लावा.

पूनमसिंग : अन् यवतमाळ रोडवर शंभरच्या स्पीडले तुटली तं? इंजिन बंद. स्टेरिंग जड. ब्रेक दगड.

निकिता : चालवत थो राहीन.

पूनमसिंग : बाजूले कोन बसन वं?

निकिता : मीच. दोनच तं सीटा हाय, काका.