बिनडोक प्रवाशाचं तिकीट

शिंपी : तिला डोकंच नाही, साहेब. ओळखपत्र आणू कुठून?

खिडकी : डोकं नसलेले प्रवासी मी दिवसाला शंभर बघतो, काका. ओळखपत्र सगळ्यांकडे असतं.

शिंपी : पण ही बाई नाहीच हो! पुतळा आहे. कपडे चढवून बघायचा, शिंप्याचा पुतळा. वर कापूस, खाली लाकडाचा पाय. हे बघा, टाचणी टोचतो. ओरडली तर म्हणाल तो दंड भरतो.

खिडकी : टोचू नका. सहप्रवाशाला इजा केली तर त्याचा दंड वेगळा.

बायको : अहो, गाडीला वीस मिनिटं उरलीत. काय मागतात ते द्या आणि चला.

शिंपी : तू मध्ये पडू नकोस. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

बायको : तुमची तत्त्वं नेमकी गाडीच्या वेळेलाच जागी होतात.

खिडकी : माझ्यासमोर काय दिसतंय ते वाचतो. सीट बारा. स्त्री. वय सत्तावीस. पूर्ण तिकीट. हे कोणी भरलं?

शिंपी : मीच भरलं. सामान म्हणून दिला असता तर तुमच्या लोकांनी आडवा फेकला असता आणि वर चार ट्रंका रचल्या असत्या. म्हटलं, जागा अडवणार तर जागेचे पैसे द्यावेत. सरळ माणसाचं काम आहे.

खिडकी : आणि वय?

शिंपी : वय टाकल्याशिवाय तो फॉर्म पुढे सरकेना. मग लेकीचं वय टाकलं. पुतळा तिच्याच मापाचा भरलाय.

खिडकी : म्हणजे प्रवासी खरा, वय खरं, ओळखपत्र नाही. दंड.

शिंपी : मग तिकीट रद्द करा. सामान म्हणून नेतो.

खिडकी : गाडी सुटायच्या तासाभरात रद्द केलं तर रद्द करण्याचं शुल्क तिकिटापेक्षा जास्त बसतं.

शिंपी : काय सांगता!

खिडकी : आणि एवढ्या उंच सामानाची नोंद आदल्या दिवशी करावी लागते. आज केलीत तर उशिराचं शुल्क. शिवाय खिडकीचं शुल्क.

शिंपी : खिडकीचं कसलं?

खिडकी : हीच चौकशी मोबाइलवर केली असतीत तर फुकट होती. खिडकीवर केलीत.

शिंपी : म्हणजे शुल्क किती ते विचारायचंही शुल्क? अहो साहेब, मी चाळीस वर्षं लोकांचे खिसे शिवतोय. असे कापलेले कधी बघितले नव्हते.

बायको : साहेब, माझं ऐका. आज चार वाजता आमच्या लेकीचं लग्न आहे. या पुतळ्याच्या अंगावर आहे ना, तो तिचा झगा. तो पोचला नाही तर पोरगी घालणार काय?

खिडकी : मग काढून, घडी करून पिशवीत घाला. पिशवी फुकट.

शिंपी : घडी? साहेब, सात मीटरचा घेर आहे. खालची दुमड अजून शिवायचीय, साठ टाचण्यांवर तोलून धरलीय. गाडीत बसून टाके घालत जाणार आहे मी. घडी केली तर तो झगा राहणार नाही, फडकं होईल.

खिडकी : संगणकात 'झगा' असा पर्याय नाही.

शिंपी : तुमचा वरिष्ठ कोण आहे?

खिडकी : तक्रार असेल तर ग्राहक सेवेला फोन करा. नंबर काचेवर चिकटवलाय. पुढचा कोण आहे?

बायको : पुढचं कोणी नाही. आम्हीच आहोत.

शिंपी : लाव ग फोन. बघतोच आता.

(नंबर फिरवतात. काचेच्या आत, खिडकीतल्या माणसाच्या कोपराजवळ फोन वाजतो. तो 'काउंटर बंद' अशी पाटी लावतो आणि फोन उचलतो.)

फोन : नमस्कार! आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया थांबा, आपण रांगेत पहिले आहात. हूं हूं हूंऽऽ, हूं हूं…

शिंपी : अहो, हे तर तुम्हीच गुणगुणताय!

फोन : संगीताचं यंत्र बिघडलंय, सर. दुरुस्त होईपर्यंत तोंडानं करावं लागतं. एक कडवं पूर्ण करायचा नियम आहे. हूं हूंऽऽ. धन्यवाद. बोला, सर, मी आपली काय सेवा करू?

बायको : अगो बाई! आवाज बघा कसा साखरेत घोळला.

शिंपी : मला तुमच्या खिडकीवरच्या माणसाची तक्रार करायचीय.

फोन : ऐकून फार वाईट वाटलं, सर. काय केलं त्यानं?

शिंपी : उर्मटपणे बोलला.

फोन : आमच्या वतीनं क्षमा मागतो. दिसायला कसा आहे?

शिंपी : तुमच्यासारखाच! काचेतून बघतोय की मी!

फोन : नोंद केली. 'दिसायला बरा' असं लिहितो. त्याच्यावर कारवाई होईल, सर.

बायको : साहेब, सगळा वेळ असं गोड का बोलत नाही हो तुम्ही?

फोन : मॅडम, फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं. खिडकीवरचं होत नाही. आणि खिडकीवर मला फक्त वसुलीचे अधिकार आहेत. सवलतींचं पुस्तक फोनबरोबर येतं.

शिंपी : मग उघडा ते पुस्तक!

फोन : उघडतोय. सामान, सामान… पाळीव पक्षी… वाद्यं, तंतू आणि फुंकायची… हां. 'प्रवाशाच्या अंगावरील वस्त्रे सामान समजू नयेत.' यात शुल्क नाही. तो झगा कुणा तिकीटधारकाच्या अंगावर असला की काम झालं, सर.

बायको : आणा इकडे. मी घालते.

शिंपी : तू? आतल्या शिवणीत दोन बोटं कापड सोडलंय मी. तुझ्यासाठी दोन वीत लागेल.

बायको : चेष्टा पुरे. अंगात घालत नाही, खांद्यावरून पांघरते, शालीसारखा. उतरवा. सांभाळून! अगाई ग!

शिंपी : काय झालं?

बायको : टोचलं.

शिंपी : साठ टाचण्या आहेत, सांगितलं होतं. लेकीच्या लग्नात आईला थोडं टोचायचंच.

फोन : आणि बारा नंबरची प्रवासी, सर? ती गाडीत चढलीच नाही असं लिहिलं तर दंडाचा प्रश्नच येत नाही. न आलेल्या माणसाकडे ओळखपत्र कसं मागणार?

बायको : वा! देव भलं करो तुमचं. चला हो, दहा मिनिटं आहेत.

शिंपी : थांब. त्या खिडकीच्या शुल्काचं काय? ते राहिलंच.

फोन : तेही माफ, सर.

शिंपी : माफ? असं कसं माफ? लेखी पाहिजे मला. शिक्क्यासकट. आणि त्या उशिराच्या शुल्काचा नियम कोणी केला तेही लिहून द्या.

बायको : अहो, ते शुल्क तुम्हाला लागलंच नाही!

शिंपी : पण लागलं असतं तर?

बायको : पुरे झालं. फोन खाली करा आणि माझ्याकडे बघा. सकाळपासून बघतेय मी. आधी चष्मा सापडेना, तो नाकावर होता. मग कुलूप बघायला दोनदा मागे गेलात. आता शिक्का हवाय. तुम्हाला ही गाडी चुकवायचीय.

शिंपी : काहीतरीच.

बायको : चुकवायचीय. मी पुढे जावं, झगा पोचवावा, आणि तुम्ही इथं बाकावर बसून रेल्वेला शिव्या घालाव्यात, असा बेत आहे तुमचा.

फोन : सर, आपण लाइनवर आहात का? आणखी काही तक्रार?

शिंपी : आहे. लिहून घ्या. माझी लेक तयार कपड्यांच्या दुकानात नोकरीला लागली. शिंप्याची लेक! मी तिच्या दुकानात गेलो आणि भर गर्दीत ओरडलो की हे कपडे नाहीत, गोण्या आहेत, आणि तू गोण्या विकतेस. दोन वर्षं झाली त्याला. त्यानंतर एक शब्द नाही आमच्यात.

बायको : गेल्या महिन्यात तिचाच फोन आला, साहेब. मला म्हणाली, 'बाबांना सांग, लग्नात मी दुकानातलं घालणार नाही.' बस्स, एवढंच बोलली. हे त्या दिवसापासून मशीनवरून उठले नाहीत. जुना पुतळा काढला, त्यात कापूस भरला, झोपेत बोटं हलवायचे.

शिंपी : झगा शिवायला काही नाही हो. तो शिवला. पण तिच्यासमोर उभा राहून पहिलं वाक्य काय बोलू? ते तुमच्या पुस्तकात बघून सांगा.

फोन : यासाठी… सर, माझ्याकडे हा पर्याय नाही. तिकीट, सामान आणि स्वच्छतागृह, एवढेच आहेत.

शिंपी : वाटलंच होतं.

फोन : आपण फोन केल्याबद्दल आभारी आहोत.

बायको : ठेवला की हो त्यांनी.

खिडकी : काका, इकडे या. काचेजवळ. माझ्या पोरीचं लग्न झालं ना, त्या दिवशी मी इथंच होतो. बदली माणूस मिळाला नाही. लोक म्हणाले, पाठव काहीतरी. पाठवलं. सोन्याची चेन पाठवली, चांगली जाड. अजून कधी ती घातलेली दिसली नाही. गाडी तीन नंबरला लागलीय. पळा.

बायको : ऐकलंत?

शिंपी : ऐकलं. माझी सुईदोऱ्याची डबी घे. तो घेर वर उचल, फलाटावर लोळवू नकोस. आणि असा हात नको करूस, टाचणी निघेल.

बायको : तुम्ही पुढे व्हा आधी. मी येते मागून, नवरीसारखी.

खिडकी : अहो काका! ही बाई इथंच राहिली! बेवारस सामानाचं शुल्क लागेल!

शिंपी : आत घ्या तिला. खुर्चीवर बसवा शेजारी. लोकांना वाटेल, बदली माणूस आला.

खिडकी : आणि न्यायला कधी येणार?

शिंपी : घाई नाही. यापुढे माप थेट लेकीचंच घेईन म्हणतो.