डिलीटचं बटण

आमच्या साहेबांचा माणसांवर किती विश्वास आहे, ते ऐका. हिंजवडीच्या ऑफिसात सगळ्यांच्या चॅटसाठी आपला स्वतःचा सर्व्हर लावायचं त्यांनी ठरवलं आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. अट एकच होती: "मॅडम, एकदा लिहिलेलं कुणालाही डिलीट करता येता कामा नये. अगदी मलासुद्धा."

केवढी ही समता. मी पंधरा दिवस खपले, सगळ्यांची खाती उघडली आणि डिलीटचं बटणच काढून टाकलं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी एचआरला लिहिलेला मेसेज चुकून सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला: "सर्व्हर झालाय. आता त्या बाईंना नारळ द्या."

दोन मिनिटांत साहेब माझ्या टेबलाशी हजर. "अहो, तेवढं काढून टाका."

"निघत नाही, सर. आपलीच अट."

"काहीतरी उपाय असेल की."

"आहे ना. आधी नवा सर्व्हर लावायचा, मग हा पुसायचा. पण ते फक्त त्या बाईंनाच जमतं."

याला आता दोन वर्षं झाली. नव्या सर्व्हरचं काम अजून चालू आहे. घाईत चुका होतात, हे साहेबांना वेगळं सांगावं लागत नाही.