पाच नटांची चाकं

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण ते आता नुसतं सांगण्यापुरतं. पणजोबा संस्थानच्या फौजेत आले आणि बडोद्याचेच झाले. माझं माहेर फतेगंजात आणि सासर सुभानपुऱ्यात, म्हणजे सगळा जन्म इथेच गेला. घरात मराठी आणि फाटकाबाहेर पाय टाकला की केम छो, मजामां. सासरे संस्थानच्या एका साहेबांचे ड्रायव्हर होते, संस्थान गेलं तेव्हा साहेब मुंबईला निघाले आणि जाताना आपली विलायती गाडी सासऱ्यांना देऊन गेले. आमच्यात दसऱ्याला शस्त्रांची पूजा असते, पण आमच्या घरी तलवार राहिली नव्हती, म्हणून सासरे गाडीच्या चाकांना कुंकू लावायचे. आमच्याकडे चाक हेच शस्त्र. सासरे गेले, पण सासूबाईंनी ते मोडू दिलं नाही.

मग सासूबाईंचा मणका दबला. आठवड्याच्या आठवड्याला वासणा रोडवरच्या दवाखान्यात शेक द्यायला न्यायचं, आणि त्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्या इतक्या कडक, की प्रत्येक खड्ड्याला त्या आई गं म्हणायच्या आणि पुढे बसलेले हे, म्हणजे माझे मिस्टर, ओठ चावायचे. तेव्हा नव्या कंपन्यांच्या गाड्या नुकत्याच रस्त्यावर यायला लागल्या होत्या. फतेगंजात भरतभाईंचं गॅरेज, ते यांचे शाळेपासूनचे दोस्त. ते म्हणाले, मनोहर, एक ठोकलेली नवी गाडी आलीय, तिचं सस्पेन्शन काढून तुझ्या गाडीला चारही बाजूंनी बसवतो, तुझ्या बा पाळण्यात बसल्यासारख्या जातील. आणि काय सांगू तुम्हाला, खरंच तसं झालं, पहिल्या दिवशी सासूबाई मागच्या सीटवर झोपून गेल्या.

पण चाकांचं अडलं. नव्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चार नट आणि आमची जुनी चाकं पाच नटांची. भरतभाईंनी दोन जोड काढून ठेवले, एक नव्या गाडीची साधी काळी पत्र्याची चाकं, दुसरी चकचकीत अ‍ॅलॉयची. हे रोज संध्याकाळी जाऊन बघून यायचे. अ‍ॅलॉय मला आवडली होती, हे म्हणायचे, म्हातारीला नथीऐवजी गॉगल घातल्यासारखं दिसतं. काळी घ्यायची असं जवळजवळ ठरलं, तर सासूबाई म्हणाल्या, मनू, बाकी काय हवं ते बदल, पण ज्या चाकांना तुझ्या वडिलांनी कुंकू लावलं ती भंगारात देऊ नकोस. झालं. यांनी आईचा शब्द कधी मोडला नाही. लेथवर लोखंडाच्या जाड चकत्या करून घेतल्या, चकती चार नटांनी हबला आणि जुनं चाक पाच नटांनी चकतीला. भरतभाई हसले, पग नवा ने जोडा जूना, पाय नवे आणि जोडे जुने, पण दर रविवारी नट बघत जा, मनोहर.

हे बघायचे. दर रविवारी पान्हा घेऊन एकेक नट आवळायचे, शेजारचे पटेलकाका ओरडायचे, मनोहरभाई, आता तो आटा जाईल. पण ते बाहेरचे पाच. आतले चार चाकाच्या मागे, चाक उतरवल्याशिवाय ते दिसतच नाहीत. चकतीमुळे चाक मडगार्डच्या बाहेर आलं होतं, सगळा भार त्या आतल्या चारांवर. ते मला नंतर भरतभाईंनी सांगितलं, आमच्याच ओट्यावर बसून, रडत.

दवाखान्यातून परत येताना वासणा रोडवर पुढचं चाक चकतीसकट निखळलं. गाडी यांच्या बाजूने झाडावर गेली. हे जागच्या जागी गेले. मागे आडव्या झालेल्या सासूबाईंना खरचटलंसुद्धा नाही. पोलिसांनी चाक आणून दिलं तेव्हा त्याचे पाचही नट घट्ट होते.

सासूबाई दसरा आला की भिंतीकडे तोंड करून पडायच्या. आमच्याकडे पूजा बंद झाली ती झालीच. गाडी ताडपत्रीखाली.

आता माझा निशांत नोकरीला लागला. वडिलांची गाडी त्याने पुन्हा उभी केली, भरतभाईंनीच करून दिली, मजुरीचं नाव काढू दिलं नाही. या वेळी कोणी काही निवडत बसलं नाही, साधी काळी पत्र्याचीच चाकं लावली. दसऱ्याला सासूबाई म्हणाल्या, मला तिकडे न्या. डोळ्यांनी आता दिसत नाही त्यांना. निशांतने खुर्ची टेकवली, त्यांनी चाकावर हात फिरवला, एकेक नट चाचपला, चार झाले तशा थांबल्या. मग म्हणाल्या, मध्ये काही नाही ना रे? तो म्हणाला, नाही आजी, सरळ हबवर. तेव्हा त्यांनी कुंकू मागून घेतलं आणि आपल्या हाताने लावलं.

निशांत त्यांना फिरवून आणतो. मलाही म्हणतो, आई, बस ना. मी नाही बसत. गाडी निघाली की फाटकाशी उभी राहते, ती वळणावर परत दिसेपर्यंत. यांच्या वेळी मी चुलीवर वरण ठेवून आत होते. जो घरातून निघाला त्याला घरी आण, देवाकडे एवढंच मागते, तुमच्यासाठीही तेच.